नवा गुडघा, लेडीज सायकल

गुडघा बदलून घेतलेल्या माणसानं काय करावं आणि काय करू नये, याबद्दल सर्जनचीही काही मतं असतात. पण ती फाइलमध्ये राहतात. खरा निकाल घरात लागतो. आमच्या घरच्या निकालाप्रमाणे, लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यावर मुंजीची पत्रिका नेऊन देणं म्हणजे ‘तेवढाच पायांना व्यायाम’. दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचा सोऱ्या काढायला स्टुलावर चढणं म्हणजे ‘तुमचा हात पोचतो म्हणून सांगितलं’. लग्नात पाकीट हातात धरून स्टेजच्या रांगेत तासभर ताटकळणं, हे तर कर्तव्यच. एवढं सगळं नव्या गुडघ्याला झेपतं. सायकलचं नाव काढलं की मात्र तोच गुडघा एकदम काचेचा होतो.

“ह्या वयात? ऑपरेशनला एवढे पैसे घातले ते काय सायकलवरून पडायला?”

वास्तविक बदललेल्या गुडघ्यावर कशानं किती भार येतो, हे आता अंदाजानं बोलायचं कारण उरलेलं नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारं यंत्र बसवलं. मग त्या मंडळींना चालवलं, जिने चढवले, उतरवले, सायकलवरही बसवलं आणि आतून येणारे आकडे बाहेर टिपून घेतले. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार. जिना चढताना तिपटीच्या वर, उतरताना जवळजवळ साडेतीनपट. आणि बेताच्या जोरानं सायकल मारताना जेमतेम सव्वापट. म्हणजे ७५ किलोचा गृहस्थ पत्रिका देऊन जिना उतरतो, तेव्हा त्याचा गुडघा पायरीगणिक अडीचशे किलोंच्या वर ओझं सोसतो. तोच गृहस्थ सायकलवर बसला की नव्वदच्या आसपास.

हे सगळं मी चहाच्या वेळी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती बर्लिनची सायकल रस्त्यावर होती का?”

नव्हती. एका जागी पक्की बसवलेली, व्यायामाची होती.

“मग तसली आणा.”

संशोधनातल्या नेमक्या फटीवर असं बोट ठेवणारे परीक्षक विद्यापीठातही फार नसावेत.

आमच्या बागेतल्या कट्ट्यावर सांधेबदलू मंडळींचे दोन पक्ष आहेत: गुडघेवाले आणि खुबेवाले. गुडघेवाले बहुमतात. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी मुंबईत ब्रीच कँडीला डावा गुडघा बदलून घेतला आणि पुढच्या वर्षी उजवा, तेव्हापासून ह्या ऑपरेशनला राजमान्यता मिळाली, असं कट्ट्यावरचे ज्येष्ठ मानतात. खुबेवाले अल्पसंख्य, आणि त्यामुळे जरा ताठ. खुबा बदललेला माणूस बहुधा लवकर चालायला लागतो, त्याचं दुखणंही लवकर ओसरतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी तो गुडघेवाल्यांना रोज ऐकवतो. मात्र त्याला सुरुवातीचे महिने पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, अशी आचारसंहिता असते. तो बाकावर बसतो तेही शपथविधीला बसल्यासारखा.

गुडघेवाल्यांचं बोलणं अंशांत चालतं. गुडघा किती अंश वाकतो, ह्यावर माणसाची कट्ट्यावरची पत ठरते.

“तुमचे किती झाले?”

“पंच्याण्णव.”

“अजून पंच्याण्णवच? आमच्या विहीणबाईंना टाके काढायच्या आत शंभर होते. त्यांची फिजिओ फार कडक. लावताय का तिला?”

ह्या अंशांचा हिशेब असा. चालायला सुमारे पासष्ट पुरतात. जिना चढायला ऐंशी-पंच्याऐंशी. खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे. आणि सायकलचं पायडल एक पूर्ण चक्कर फिरायला, सीट किती उंच आहे त्याप्रमाणे, साधारण एकशे पाच ते एकशे पंधरा. मांडी घालणं ह्याच्याही पलीकडचं. तो विषय कट्ट्यावर कुणी काढत नाही. सत्यनारायणालाही आता पाटाच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची आली आहे आणि देवानं ती चालवून घेतली आहे.

एकशे पाचच्या आतला माणूस सायकलवर बसला तर काय होतं, ते फिजिओथेरपीच्या खोलीत बघायला मिळतं. तिथली सायकल खिळवलेली, सीट बरीच वर चढवलेली. सुरुवातीला चक्कर मारायचीच नसते. पायडल मागं-पुढं नुसतं झुलवायचं आणि झोका हळूहळू मोठा करत न्यायचा. पायडल वरच्या टोकाला पोचायच्या जरा आधी गुडघ्याच्या पुढच्या अंगाला ओढ बसते आणि सगळं तिथंच थबकतं. ह्या क्षणी मनुष्यदेह एक लबाडी करतो. त्या बाजूची कंबर अलगद सीटवरून उचलतो. कंबर उचलली की गुडघ्याला पूर्ण न वाकताच पायडल टोकावरून पार होतं, आणि रुग्ण एव्हरेस्ट सर केल्याच्या आनंदात इकडंतिकडं बघतो. माझी फिजिओथेरपिस्ट पंचविशीची मुलगी. तिनं माझ्या कमरेवर पंजा दाबून धरला.

“काका, गुडघा बदललाय ना? मग कंबर का काम करतेय?”

सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नव्हता. एकाचं काम दुसऱ्यानं करण्याची आम्हाला सवय आहे. पण ती ऐकणारी नव्हती. “आता उलटं फिरवा. मागं.” उलटं पायडल आधी जमतं, असा त्यांच्या शास्त्रातला अनुभव आहे, आणि तसंच झालं. पहिली अखंड चक्कर मागच्या दिशेनं पूर्ण झाली. जन्मभर सायकल मारलेल्या माणसाची दुसरी कारकीर्द रिव्हर्स गिअरमध्ये सुरू झाली आणि शेजारच्या पलंगावर पाय सरळ करणाऱ्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

पुढं यथावकाश मी सर्जनना विचारलं, रस्त्यावर सायकल चालवू का? त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, “चालवा की. सांध्याला चांगलीच. फक्त पडू नका.”

‘पडू नका’ ही सूचना मी वयाच्या दहाव्या वर्षापासून कुणी न सांगता पाळायचा प्रयत्न करतोय. परंतु त्यामागचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. पडल्यावर आतला धातू सहसा मोडत नाही. धातूच्या शेजारचं आपलं जुनं हाड मोडतं, आणि आधीच सांधा बसवलेल्या जागी ते जोडणं कटकटीचं असतं. म्हणजे सायकल चालवणं निर्धोक, सायकलवरून पडणं धोक्याचं. सौभाग्यवतींचं म्हणणं वेगळं नव्हतंच. घर आणि दवाखाना यांचं एकमत झालं की तिसऱ्याला अपील नसतं.

माझ्या बाजूनं उभा राहिला तो पुतण्या. तो दर रविवारी अंगाला चिकटलेले कपडे घालून पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी जातो आणि नाश्त्याला परत येतो. त्यानं दाखला दिला: “काकू, फ्लॉइड लँडिस नावाचा सायकलपटू. खुबा पार गेलेला. तशात २००६ ची टूर द फ्रान्स पहिल्या नंबरानं संपवली, मग खुब्याचं ऑपरेशन केलं आणि परत शर्यतीत उतरला!” काकूंनी मोबाइल उघडला. दोन मिनिटांनी म्हणाल्या, “तो उत्तेजक घेताना सापडला होता. पहिला नंबर काढून घेतला त्याचा.” मी नम्रपणे सांगितलं की मी फक्त कॅल्शियमची गोळी घेतो आणि तीही त्यांच्याच हातून.

ह्या पुतण्याला माझ्याबद्दल अलीकडे विशेष माया वाटू लागली आहे. सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीला लगाम घातला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ठरली ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. खोली, भूल, सर्जन हा खर्च निराळा. हा आकडा नुसत्या सांध्याचा. पुतण्याच्या सायकलच्या चाकांची जोडीच त्याहून महाग आहे. हे कळल्यापासून तो माझ्याकडे, आजीच्या खोलीतल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीकडे बघावं, तसा बघतो.

परवानगीचा प्रश्न भिजत पडलेला असतानाच मी जिन्याखालची जुनी बावीस इंची सायकल कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, “ओव्हरऑइल करायला लागेल. छर्रे गेलेत.” मग माझी चाल बघून विचारलं, “काका, तुमचं काय काय बदललं?”

मी सांगितलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या हाडावर टायटॅनियमची बैठक, दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीनची चकती, आणि सगळं हाडाला धरून राहावं म्हणून ॲक्रिलिकचं सिमेंट.

“छर्रे नाहीत?”

“नाहीत.”

“ग्रीस?”

“शरीर आपलं आपण जमेल तसं देतं.”

“मग झिजणार की ती चकती!”

हीच काळजी इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांना लागून राहिली होती. आजच्या सांधेबदलाचा पाया त्यांनी खुब्यावर घातला. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन घेतलं. आपल्या नॉनस्टिक तव्याला असतं तेच. निसरडं म्हणून फार आशा होती, पण दोन-तीन वर्षांत ते झिजून गेलं आणि शेकडो खुबे पुन्हा उघडायची पाळी आली. अशात कापडगिरण्यांच्या मागांना प्लॅस्टिकचे गिअर पुरवणारा एक विक्रेता पॉलिइथिलीनचा नमुना घेऊन आला. चार्नलींना त्यात काही राम वाटला नाही. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन मात्र हट्टी. त्यानं तो तुकडा घासणाऱ्या यंत्राला लावूनच टाकला. यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तितकंही ते झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ पासून ते माणसांच्या खुब्यात बसू लागलं, आणि त्याच कुळातलं प्लॅस्टिक आज माझ्या गुडघ्यात आहे. मोठ्या सर्जनना तंत्रज्ञाचं ऐकावं लागलं, हा भाग मी मेकॅनिकला मुद्दाम रंगवून सांगितला.

तो सगळं ऐकून म्हणाला, “म्हणजे वॉशर बदललं.”

मग त्यानं दोन्ही रोग्यांचं निदान एकत्रच केलं. “सायकल करून देतो. पण काका, ह्या सायकलला टांग मारायला लागते. ती कशी मारणार?”

सायकल चालवण्यात गुडघ्याला धोका फारसा नाही. धोका आहे चढण्यात आणि उतरण्यात. आणि आमच्या पिढीनं चढणं म्हणजे एक नृत्यप्रकार करून ठेवलेला. डावा पाय पायडलवर, उजव्यानं दोन-तीनदा जमीन ढकलायची, सायकलनं वेग घेतला की उजवा पाय कॅरिअरवरून मागून भिरकावून पलीकडं. उतरताना हेच उलट, चालत्या सायकलवरून. थांबलेल्या सायकलवर चढणं हे नवशिक्याचं लक्षण मानलं जाई. तासाच्या भाड्यानं आणलेल्या मोठ्या सायकलच्या मधल्या त्रिकोणातून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारणाऱ्या पोरांना ही टांग म्हणजे मुंज वाटायची; ती जमली की माणूस मोठा झाला. नव्या गुडघ्याला ही भिरकावणी झेपेलही, पण टेकताना सगळा भार एका पायावर येतो आणि तेव्हाच तोल जातो. खुबेवाल्यांपुढं तर हिचं वर्णन केलं तरी त्यांचे सर्जन रागावतील.

“काका, लेडीज घ्या,” मेकॅनिक म्हणाला.

दुकानात दोघं-तिघं होते. सगळे अदबीनं गप्प झाले.

आमच्या वेळी बहिणीची सायकल घेऊन शाळेत आलेल्या मुलाचं पुढं काय व्हायचं, ते सांगण्यात अर्थ नाही. त्यातले काही जण पुढं निवृत्त न्यायाधीश झाले, तरी वर्गाच्या स्नेहसंमेलनात आजही त्यांची ओळख त्या सायकलवरूनच होते. विक्रेत्यांना पुरुषजातीचा हा हळवेपणा नीट ठाऊक असतो. मोठ्या दुकानात मी मधली दांडी नसलेली सायकल मागितली, तर तिथला मुलगा ‘लेडीज’ हा शब्द चुकूनही उच्चारेना. “सर, ही स्टेप-थ्रू आहे. ही सिटी बाइक. ही युनिसेक्स आहे, सर.” दर पायरीला पुरुषार्थ थोडा परत मिळत होता आणि किंमत दोन हजारांनी वाढत होती. शेवटी जी मला परवडली ती वांगी रंगाची होती, पुढं बास्केट होतं आणि बास्केटवर प्लॅस्टिकचं सूर्यफूल. सूर्यफूल काढून द्याल का, असं मी हळूच विचारलं. ते रिव्हेटनं बसवलेलं होतं.

सायकल घरी आली आणि सौभाग्यवतींचा विरोध पहिल्यांदाच थोडा ढिला पडला. एकतर सायकल बुटकी. दुसरं म्हणजे बास्केटमध्ये कोथिंबीर मावत होती.

आता रस्त्यावरचं. लोकांना वाटतं की सगळी परीक्षा पायडल मारण्यात आहे. परीक्षा सीटमध्ये आहे. सीट वर केली की गुडघा कमी वाकावा लागतो, चक्कर सुखानं पूर्ण होते. पण मग थांबल्यावर पाय जमिनीला पुरत नाही. सीट खाली केली की दोन्ही तळवे जमिनीवर, पडायची भीती नाही. पण मग पायडल वर आलं की गुडघा कुरकुरतो. गुडघ्याचा डॉक्टर म्हणणार वर, पडण्याचा डॉक्टर म्हणणार खाली. त्यात कोथरूडच्या गल्लीत पन्नास पावलांवर गतिरोधक, आणि दोन गतिरोधकांच्या मध्ये दुधाची पिशवी घेऊन मोबाइलवर बोलत उलट्या बाजूनं येणारी स्कूटर. म्हणजे सायकल चालवण्यापेक्षा थांबण्याचेच प्रसंग जास्त. मी पाना घेऊन सीट बोटभर वर, अर्धं बोट खाली, असं करत राहिलो. सीटच्या नळीवर इतके ओरखडे उठले की मयूर कॉलनीतले सगळे खड्डे तिच्यावर नोंदवलेत असं वाटावं.

आणि पुणेकर. ज्या शहरात एके काळी डबलसीट आणि बिनदिव्याचे सायकलस्वार पोलीस दिसला की गल्ली बदलत, तिथं आता कर्वेनगरला सायकलींचं संग्रहालय आहे. त्यामुळे रस्त्यावर सायकलवर पिकल्या केसांचा माणूस दिसला की लोक आदरानं नव्हे, चौकशीच्या दृष्टीनं बघतात. कर्वे पुतळ्याजवळ माझी चेन उतरली. चेन चढवायला उकिडवं बसावं लागतं आणि नवा गुडघा उकिडवा बसत नाही. कमरेतून वाकलो तर हात चेनपर्यंत जाई, पण चष्मा नाकावरून निघे. मी अशा त्रिकोणी अवस्थेत असताना एक गृहस्थ थांबले. मदत करतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, “कुठं केलंत? किती घेतले?” मी सांगितलं. त्यांनी सरळ सिग्नलच्या खांबाला हात टेकून पँट गुडघ्यापर्यंत वर गुंडाळली आणि आपला व्रण दाखवला. “आमचे दोन्ही. एकदम.” मग आम्ही दोघं व्रणांची लांबी ताडून बघत असताना शाळेत निघालेल्या एका पोरानं दप्तर न काढताच मागचं चाक उलटं फिरवलं, बोटानं चेन दात्यांवर बसवली, काळं बोट सूर्यफुलाला पुसलं आणि तो निघूनही गेला. सूर्यफूल तेव्हापासून बरंच मर्दानी दिसतं.

सगळं असं मार्गी लागत असताना खरी अडचण अनपेक्षित बाजूनं आली. तपासणीला मी सौभाग्यवतींना बरोबर नेलं होतं. माझा एक्स-रे बघून झाल्यावर त्यांनी सहज सर्जनना सांगितलं की अलीकडे उठता-बसता आपलेही गुडघे वाजतात. सर्जननी त्यांनाही पलंगावर झोपवून पाय वाकवून बघितले. म्हणाले, “झीज सुरू झालीय, पण ऑपरेशनची घाई नाही. वजन आटोक्यात ठेवा, मांडीचे स्नायू बळकट करा. सायकल येते का? रोज सायकल चालवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्ये उतरलो तर सायकल जागेवर नव्हती. पाऊण तासानं सौभाग्यवती आल्या, लिंबू सरबताला नाही म्हणत. कॉलेजात असताना त्या रोज सायकलनं जात असत, ही माहिती मला संसाराच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मिळाली. सीट त्यांनी खाली करून घेतली होती.

तेव्हापासून आमच्या सीटच्या नळीवर नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत: वरची माझी, खालची त्यांची. पाना बास्केटमध्येच असतो. पहाटेची थंड हवा त्यांच्या वाट्याला येते, कारण मेथी ताजी मिळते. माझा नंबर शाळांच्या बस सुटायच्या वेळी लागतो. नवा सांधा असलेल्या माणसाला मोकळ्या रस्त्याची जास्त गरज आहे, असा अर्ज मी करून बघितला. “तुमचा नवा आहे,” त्या म्हणाल्या, “माझे जुने आहेत. जपायला कुणाचे हवेत?”

परवा त्या पौड फाट्यापर्यंत जाऊन आल्या. त्या रहदारीत मी अजून सायकल घातलेली नाही. मी जरा काळजीनंच विचारलं, “डॉक्टरांनी तुला ‘पडू नका’ म्हणून सांगितलंय ना?”

“नाही हो,” त्या सीट आपल्या खुणेवर ठेवत म्हणाल्या. “ते त्यांना फक्त तुमच्याकडे बघून सुचलं.”